पुढच्या अंगणातली दोरी

"काढ. काढ आधी ते. दादा यायच्या आत काढ."

आक्का उंबऱ्यात उभ्या राहून दबक्या आवाजात ओरडत होत्या. मी पुढच्या अंगणातल्या दोरीवर एक लंगोट टाकला होता. एकच, तोही अगदी टोकाला, कडुनिंबाच्या बुंध्याशी, जिथे गाठ असते तिथे.

"ऊन इथंच आहे, आक्का."

"ऊन हाय म्हणून दारात लंगोट वाळवायचे? हवालदाराचं घर हाय हे. चार मानसं येत्यात-जात्यात. दादाला न्हाई चालायचं."

मी लंगोट काढला. तो अजून टिपकत होता, कारण आक्कांनी पिळायलाही बंदी केली होती. बाळाचा लंगोट पिळला की बाळाच्या पोटात पीळ पडतो म्हणे. मी तो तसाच ओंजळीत धरून घरातून परसात गेले. सगळ्या माजघरात पाण्याची रेघ उमटली आणि ती पुसायलाही मलाच यावं लागलं.

परसात आक्कांचं नऊवारी लुगडं दुहेरी करून वाळत घातलेलं असे. त्याच्या पोटात आमच्या शर्वरीचे लंगोट. बाईमाणसाचे आतले कपडे असे झाकून वाळवतात हे मला माहेरपासून ठाऊक होतं. पण चार महिन्यांच्या पोरीला कसली आली लाज? हे मी मनात म्हणायचे, आणि लुगड्याची कड उचलून तो लंगोट आत सरकवायचे.

थंडीचे दिवस होते. आमच्या घराची पाठ उत्तरेला. त्या दिवसांत परसात ऊन म्हणून पडत नाही. घराची सावलीच अख्खं परस खाऊन टाकते, आणि त्यापलीकडे लगेच ऊस. सकाळी दोरीला हात लावला तर बोटं ओली व्हायची. संध्याकाळी काढलेले लंगोट हाताला कोरडे लागायचे, पण गालाला लावले की कळायचं. गार. आणि त्यांना एक कुबट वास यायचा, किती साबण लावा, किती खळबळा, तो जायचा नाही.

आक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. भाऊ धाकटा, पण लहानपणापासून त्याला 'दादा' म्हणायची सवय. माझ्या सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्यामुळे घरात काही निघालं की आक्का शेजारच्या गावाहून पिशवी घेऊन येत आणि घराचा ताबा घेत. मी बाळंतपण उरकून माहेराहून आले, त्याच दिवशी त्याही आल्या. प्रेमाच्या नव्हत्या असं नाही. शर्वरीला न्हाऊ त्याच घालत. पायांवर आडवी घेऊन अशी चोळत की पोरगी निम्म्या आंघोळीतच झोपायची. पण घरातल्या प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे एकच उत्तर होतं. टीव्ही मोठ्याने लावू नको, दादाला चालायचं न्हाई. पाळणा पडवीत नको, दादाला चालायचं न्हाई. दारात लंगोट? अगं बाई!

आणि मामंजींना विचारणार कोण?

मामंजी फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. त्यांच्या-माझ्यात बोलणं असं नव्हतंच. ते घरात शिरताना खाकरत, मी गाऊनवर ओढणी ओढून घेई, ते ताट बघत जेवत, आणि "झालं" एवढं म्हणून उठत. स्वतःचे कपडे मात्र ते स्वतः धूत, लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते आहे. पहाटे विहिरीवर जाऊन धुवायचे, पिळायचे, मग पुढच्या अंगणात प्रत्येक कपडा दोन कोपऱ्यांना धरून हवेत झटकायचा. फट्ट! फट्ट! फट्ट! त्या आवाजाने मला रोज जाग यायची. पँट, बनियन, टॉवेल, सगळं एका रेषेत. त्या दोरीवर दुसऱ्या कुणाचं चिरगूट कधी गेलं नव्हतं.

(शर्वरीचा धाकटा भाऊ चुळबुळतोय. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून लिहिते आहे. बघू किती वेळ मिळतो.)

शर्वरीला आधी नुसती लाली आली. मग पुरळ. मग ती लंगोट बांधताना अंग ताठ करू लागली. दुकानातले डायपर आणले, तर एका दिवसात दुप्पट झालं. शेवटी आक्का आणि मी तिला तालुक्याच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलो.

डॉक्टरबाईंनी पाहिलं आणि मलम लिहून दिलं. "डायपर बंद. पावडर बंद. सुती लंगोटच वापरा. पण साबण पूर्ण निघू दे आणि कडक उन्हात वाळू दे. ऊन लागतं ना कपड्यांना?"

मी तोंड उघडलं होतं.

"लागतं तर!" आक्का म्हणाल्या. "ऊनच ऊन हाय आमच्याकडं."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आक्का, असं का सांगितलंत?"

"मग काय सांगू? हवालदाराच्या घरात लंगोट वाळवायला जागा न्हाई म्हणून? लोक काय म्हनतील?"

घरी आल्यावर आक्का संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "रेवती, रविवारी सर्जेरावची जीप सांगितलीया. तू पोरीला घेऊन माहेरी जा."

"माहेरी? मी आत्ताच तर आले."

"तुझी आई बघंल. तुला जमत न्हाई गं. बघ की पोरीची दशा काय झालीया. चांगली बरी हू दे, मग ये."

तुला जमत नाही. हे त्यांनी अगदी मायेने म्हटलं, हाताला पीठ असताना. मी तव्यावरची भाकरी उलटली.

माझं माहेर लांब, बार्शीकडचं. तिथे दोन खोल्या आणि वहिनीचे दिवस भरत आलेले. पण ते जाऊ दे. शर्वरीच्या बाबांना, संग्रामला, सुट्टी मंजूर होत आली होती. तोही फौजेत, त्या वेळी पार सरहद्दीवर. त्याने लेकीला फोनच्या पडद्यावर सोडून कुठे पाहिलंच नव्हतं. "मी येईन तेव्हा तुम्ही दोघी घरीच असा," एवढंच तो प्रत्येक फोनला म्हणायचा. "दारात उभ्या राहा. मला रस्त्यावरून दिसलं पाहिजे." आणि मी त्याला काय सांगू? मला जमलं नाही, म्हणून आम्हाला जीपमध्ये घालून पाठवून दिलं?

रविवार जवळ येत चालला. आक्कांनी माझी पिशवीसुद्धा भरायला घेतली.

रविवारला तीन दिवस उरले असताना एका सकाळी शर्वरी उठली ती किंचाळतच. लंगोट सोडला आणि माझे हात तिथेच थांबले. काल जिथे लाल होतं तिथली कातडी सुटली होती. मी कोमट पाण्याने टिपून घेतलं, मलम लावलं, आणि कोरडा लंगोट घ्यायला दुरडीत हात घातला. गालाला लावून पाहिला. गार. दुसरा घेतला. तोही गार. दुरडी पालथी केली, एकेक गालाला लावत गेले, आणि सगळी दुरडी संपली तरी लेकराला बांधण्यासारखा एक कपडा त्यात निघाला नाही.

मी परसात गेले. आक्कांचं लुगडं दवाने जड झालं होतं. ते उचललं आणि आतून तो वास आला.

मी सगळे लंगोट ओढून काढले, दुरडीतलेही घेतले. गरम पाण्यातून काढले, विहिरीच्या पाण्यात खळबळले, पुन्हा खळबळले, पाणी निवळ दिसेपर्यंत. बादलीत भरले आणि घरात आले.

"आक्का, पोरीला धरा."

"कुठं निघालीस?"

"पुढं."

"आगं येडी का काय! समदी तिथं बसल्यात!"

"ऊनही तिथंच बसलंय, आक्का."

मी पुढचं दार ढकललं.

रोज सकाळी गावातले निवृत्त फौजी आमच्या अंगणात चहाला जमत. खुर्च्यांचा अर्धगोल, मधोमध सुभेदार कणसे, पांढऱ्याशुभ्र मिशा आणि मांडीवर काठी. मामंजी हवालदार, कणसे सुभेदार. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ते आले की मामंजी उठून उभे राहत. मी बादली घेऊन बाहेर आले आणि बोलणं थांबलं. एकाची बशी ओठांपाशीच राहिली.

मी कुणाकडे पाहिलं नाही. दोरीपाशी गेले. दोरी भरलेली होती. पँट, बनियन, टॉवेल, सगळं रेषेत. मी मामंजींची पँट बाजूला सरकवली. बनियन सरकवले. सगळा त्यांचा संसार एका टोकाला ढकलला आणि मोकळ्या झालेल्या दोरीवर पहिला लंगोट टाकला. मग दुसरा. बहुतेक सगळे पांढरे होते, माझ्या वडिलांच्या जुन्या धोतरांचे. उन्हात त्यांनी डोळे दिपले.

"काय हवालदार!" मागून सुभेदारांचा आवाज आला. "पांढरी निशाणं? शरण गेलात का काय?"

सगळे हसले. माझे कान तापले, पण हात थांबले नाहीत. आत शर्वरी रडत होती, ते रडणं माझ्या पाठीवर येऊन आदळत होतं.

मग बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. माझ्या शेजारी मामंजींच्या कोल्हापुरी चपला येऊन थांबल्या. मी वर पाहिलंच नाही.

"हे किती दिस चाललंया?"

"काय?"

"आत पोरगी रडती, ते."

"तिची कातडी गेली आहे, मामंजी." माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. "लंगोट वाळतच नाहीत. परसात ऊन येत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या कडक ऊन पाहिजे. ऊन इथं आहे."

लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी इतकं सलग बोलले नव्हते.

"मग हितं का न्हाई घातले?"

मी बादलीतून पुढचा लंगोट उचलला.

"तुलाच इचारतोय, पोरी. हितं का न्हाई घातले?"

"तुम्हाला चालणार नाही म्हणून."

"कोन म्हनलं?"

आता कुणी हसत नव्हतं. आक्का शर्वरीला खांद्यावर घेऊन उंबऱ्यात आल्या होत्या.

"मी म्हनलं," आक्का म्हणाल्या. "खोटं हाय का? तुला कधी चाललंय असलं?"

"मला इचारलं कधी?"

"ह्यात काय इचारायचं? संग्रामच्या वक्ताला बी परसातच वाळवले. त्याच्या आईनं एक लंगोट पुढं आनला न्हाई. मुडदुशी पोरगं, किती आजारी पडायचं, पर न्हाई आनला. तुला चालायचं न्हाई म्हणून."

मी पहिल्यांदाच मान वर करून पाहिलं. मामंजी दोरीकडे बघत होते.

"आक्का, संग्राम झाला तवा मी कुठं होतो?"

आक्का शर्वरीला थोपटू लागल्या.

"सांग की."

"...फौजेत."

"मी घरातच नव्हतो." ते सावकाश म्हणाले. "मी सुट्टीवर आलो तवा पोरगं चालाय लागलं होतं. मला बघून भ्यालं आन् आईच्या मागं लपलं. त्याचा लंगोट कसला असतो ते बी मला ठावं न्हाई. आन् हितं माझ्या भ्यानं परसात!"

कडुनिंबावर कुठेतरी खार चिरकत होती.

मामंजींनी स्वतःची पँट दोरीवरून ओढली. बनियन ओढले, टॉवेल ओढला. सगळं ओलंच खांद्यावर टाकलं. दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी झाली.

मग ते सुभेदारांकडे वळले आणि चक्क टाचा जुळवून उभे राहिले.

"होय सुभेदार. शरण गेलो. जनरलसाहेब त्या तिथं, आक्काच्या खांद्यावर हायत. आता हुकूम त्यांचा."

बादलीतून त्यांनी एक लंगोट उचलला आणि दोन्ही मुठींत धरून पिळला.

"आरं पिळू नगंस!" आक्का ओरडल्या. "पोरीच्या पोटात पीळ..."

"इतके दिस पिळला न्हाई, मग पोरगी काय हसतीया व्हय?"

आणि कोपरे धरून त्यांनी तो झटकला. फट्ट! थेंब उडाले ते थेट सुभेदारांच्या चष्म्यावर.

सुभेदारांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला. मग काठीने दोरीकडे खूण केली.

"जरा लांब लांब घाल रं. वारं फिराय पायजे मधनं."

मामंजी पिळून आणि झटकून देत गेले, मी घालत गेले. एक वाकडा पडला तर ते मागे येऊन सरळ करून गेले. बादली संपली तेव्हा अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रांग लागली होती, आणि चहा सगळ्यांचा गार झाला होता. मी आत जाऊन पुन्हा आधण ठेवलं. साखर घालताना निम्मी ओट्यावर सांडली. पण मला रडू आलं नाही. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

दुपारी दोरीवरून पहिला लंगोट काढला. पापडासारखा कडक झाला होता. हातात चुरगळून मऊ केला आणि गालाला लावला. गरम! उन्हाचा वास असतो, तो मी विसरूनच गेले होते. शर्वरीच्या अंगाखाली तो नुसता पसरला, बांधलाही नाही. ती त्यावर हातपाय पसरून झोपली, संध्याकाळी दिवा लावेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी पहाटे फट्ट-फट्ट ऐकू आलं नेहमीसारखं. खिडकीतून पाहिलं तर मामंजी माझ्या आधीच बादली घेऊन गेले होते. दोरीवर लंगोट लागले होते. मागे जाऊन पाहिलं, तर त्यांची स्वतःची पँट परसात, आक्कांच्या लुगड्याशेजारी.

रविवार उजाडला तोवर शर्वरीची कातडी गुलाबी होऊ लागली होती. सर्जेरावांची जीप दारात येऊन भोंगा वाजवू लागली.

"कुनाला न्यायचं हवालदार?"

मामंजींनी आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी माझ्याकडे. माझी पिशवी मी केव्हाच रिकामी केली होती.

"मला ने," आक्का म्हणाल्या. "हितं आता माझं काय काम? बापय मानूसच लंगोट धुवाय लागलं!"

पण निघताना त्यांनी शर्वरीला उलटी करून नीट न्याहाळलं, तिच्या ढुंगणाचे दोन पापे घेतले आणि मला कोपऱ्यात ओढलं.

"माझं लुगडं ऱ्हायलंय मागं. ते बी पुढंच घाल. वास यायला लागलाय त्याला."

मी ते पुढच्या दोरीवर घातलं. अख्खं, उलगडून. पुढच्या खेपेला आल्या तेव्हा आक्का ते नाकाला लावून बराच वेळ बसल्या होत्या.

(उठला. दूध पाजून आले. आता पुन्हा झोपलाय, तेवढ्यात शेवट लिहून टाकते.)

संग्राम आला तो सकाळच्या एसटीने. कळवलं होतं दुपारी येईन म्हणून, पण त्याला मध्येच दुसरी गाडी मिळाली. त्यामुळे त्याच्या हट्टाप्रमाणे मी काही दारात उभी नव्हते. मी दोरीपाशी होते, शर्वरी कडेवर, गाऊन ओला, केस तसेच. मामंजी लंगोट झटकत होते.

तो रस्त्यावरून येताना मला दिसला नाही. तो नंतर म्हणाला की घर त्याला वळणावरूनच दिसलं होतं. सगळ्या गावात अशी दोरी एकाच दारात होती. पांढरं काहीतरी ओळीने फडफडत होतं आणि क्षणभर त्याला वाटलं, शाळेचा काही कार्यक्रम असावा. मग त्यातला एक निळ्या किनारीचा लंगोट त्याने ओळखला, फोनवर पाहिलेला.

फाटकाचा आवाज झाला तेव्हा मी वळले. तो ट्रंक घेऊन उभा होता. आत येईना. लेकीकडे बघत होता, आणि मग वडिलांकडे, आणि मग वडिलांच्या हातातल्या लंगोटाकडे, आणि त्याला यातलं आधी कशावर विश्वास ठेवायचा ते कळत नव्हतं.

शर्वरी अजून रांगतही नव्हती. तिला भिऊन लपायला येत नव्हतं. तिने तोंडात मूठ कोंबली आणि त्याच्याकडे टक लावून पाहू लागली.

"ट्रंक ठेव," मामंजी म्हणाले. "हात धुऊन ये."

तो हौदावर हात धुऊन आला. मला वाटलं, आता पोरीला घेईल. त्यानेही हात पुढे केले होते. पण त्या हातांत मामंजींनी ओला लंगोट ठेवला.

"आधी ह्यो. कोपरे धर. झटक."

"बाबा?"

"झटक म्हनतो न्हवं का!"

संग्रामने झटकला. लंगोट नुसता लोंबला.

"ह्याला झटकणं म्हनत्यात? फौजेत हेच शिकलास व्हय?"

त्याने पुन्हा कोपरे धरले. पाय रोवले. माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं.

फट्ट!

थेंब आम्हा दोघींच्या तोंडावर उडाले. शर्वरी दचकली. तिचा खालचा ओठ पुढे आला, मी तिला थोपटायला हात उचलला, आणि ती हसली. आवाज करून, पहिल्यांदाच, सगळी हिरडी दाखवून, तिच्या बापाकडे बघून.

"अजून एकदा," मामंजी म्हणाले आणि बादलीत हात घातला.